पहाटे ओतून टाकलेले पाणी

एकदा एक वृद्ध आचार्य होते. घाटाच्या पायथ्याशी त्यांची जागा होती. तिला आश्रम म्हणावे, तर तेथे जपजाप्य कमी आणि ठोकाठोकच अधिक. कारखाना म्हणावे, तर तेथे विकायला काहीच नाही. महागडे यंत्र ज्याच्या उंबऱ्यापर्यंत कधी पोहोचणार नाही, त्याच्या घरात चालेल असे काहीतरी घडवायचे, हे त्यांचे व्रत. कमी सरपणावर पेटणारी चूल, पायाने चालणारे भात झोडायचे यंत्र, असल्या वस्तू तेथे जन्माला येत. शिष्य येत, शिकत आणि आपापल्या वाटेने जात.

निरंजन हा त्यांतला सर्वांत हुशार. किती हुशार? तर आपण हुशार आहोत हे त्याला स्वतःलाही पुरते ठाऊक होते, इतका! पण मुलगा मनाचा स्वच्छ होता आणि कामाला वाघ होता, म्हणून आचार्यांचा त्याच्यावर जीव होता.

याच निरंजनने पाण्याची एक गाळणी तयार केली होती. दोन मडकी, एकावर एक. वरच्या मडक्यात खडी, वाळू आणि कोळसा यांचे थर. तिन्हीसांजेला वरचे मडके भरून ठेवायचे. रात्रभर थेंब थेंब पाणी गळत राहायचे आणि सकाळी खालचे मडके नितळ पाण्याने भरलेले असायचे. वीज नको, औषध नको. गावच्या कुंभाराने मडकी घडवावीत, वाळू ओढ्यातून आणावी, झाले. निरंजनने ते पाणी शहरातल्या प्रयोगशाळेत तपासून आणले होते. पाणी शुद्ध होते. त्यात काडीचीही खोट नव्हती.

बोरखिंड नावाच्या वाडीला तर या गाळणीची फारच निकड होती. तेथे माणसांना आणि गुरांना मिळून एकच डबके. पाणी उकळून प्या म्हणावे, तर सरपण डोंगर चढून डोक्यावरून आणायचे; ते भाकरीला पुरता पुरत नाही, पाण्याला कुठून आणणार? दर साली हगवणीची साथ यायची आणि लहान मुले हकनाक जायची. सगुणा नावाच्या बाईचा भिवा असाच गेला. सकाळी अंगणात खेळणारे पोर, दुसऱ्या दिवशी नव्हते. त्यानंतर निरंजनने वाडीत घरोघर गाळण्या बसवल्या. सगुणाच्या घरी स्वतःच्या हाताने मडके बसवताना तो म्हणाला होता, "ताई, आता तुझ्या बायजाला काही होणार नाही. शब्द देतो." बायजा ही तिची धाकटी लेक. आता तेवढीच उरली होती.

पावसाळा सरला आणि बोरखिंडीतून निरोप आला. वाडीत पुन्हा साथ आहे. बायजाही आजारी आहे.

निरंजनच्या तोंडचे पाणीच पळाले. असे होणे शक्यच नव्हते! "गुरुजी, त्यांनी गाळणी वापरलीच नसणार," तो म्हणाला. "कोपऱ्यात टाकून दिली असेल. नाहीतर धान्य भरून ठेवलं असेल त्यात. आपण जीव तोडून करायचं आणि यांनी..."

"चल, बघून येऊ," आचार्य म्हणाले आणि काठी घेऊन निघालेसुद्धा.

संध्याकाळी दोघे सगुणाच्या दारात पोहोचले. नवरा वीटभट्टीवर गेलेला, घरात मायलेकी दोघीच. बायजा घोंगडीवर पडून होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, पण शुद्धीवर होती. निरंजनने पहिल्यांदा काय केले असेल? पोरीच्या कपाळाला हात लावण्याआधी तो गाळणीपाशी धावला!

आणि तेथेच त्याला पहिला धक्का बसला. गाळणी लख्ख होती. मडकी घासलेली, वर स्वच्छ फडके बांधलेले. एवढेच काय, वरच्या मडक्याला हळदीकुंकवाची बोटे ओढलेली. त्याच्या देखत सगुणाने घागर आणली आणि वरचे मडके काठोकाठ भरले. सांडू नये म्हणून हात लावून भरले. शिकवले होते अगदी तसेच.

"रोज भरतेस?" त्याने विचारले.

"रोज म्हंजे? एक दिस चुकवलं न्हाई, दादा. तुम्ही सांगितलं तसंच सगळं. रात्री कुणाला तहान लागली तर त्यातलंच पितो."

निरंजनने मनाशी हिशेब मांडला. गाळणी चालू आहे, बाई इमानेइतबारे वापरते आहे आणि तरी पोर आजारी! म्हणजे खोट यंत्रातच आहे. त्याचे मन त्याला खाऊ लागले. त्याने बायजाला उकळून गार केलेल्या पाण्यातून मीठसाखर पाजली आणि कूस बदलत ओट्यावर पडून राहिला.

उजाडताना त्याला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. सगुणा अंगणात उभी होती. तिच्या हातात गाळणीचे खालचे मडके होते, नितळ पाण्याने भरलेले. अगदी शांतपणे, रोजचे काम करावे तशी, ती ते पाणी परसातल्या लिंबाच्या बुंध्याशी ओतत होती.

निरंजन उठून बसला. आपण स्वप्नात आहोत असेच त्याला वाटले. रात्रभर गळून जमलेले ते पाणी, ज्याच्यासाठी त्याने वर्ष घातले होते, ते भसाभस मातीत मुरत होते. तिने मडके विसळले, पालथे घातले, हंडा कमरेवर घेतला आणि डबक्यावर जाऊन काठोकाठ भरून आणला. तो हंडा तिने चुलीशेजारी ठेवला आणि त्यावर झाकण घातले. घरच्या पिण्याचे पाणी हेच. रोजचे, दिवसभराचे.

अहो, बाईने गाळणीचे सगळे नियम पाळले होते, फक्त गाळलेले पाणी तेवढे दिवसभर कोणी प्यायचे नाही!

इतक्यात आचार्य उठले, चूळ भरून ओट्यावर बसले. आता घरी पाहुणा आलेला, तोही एवढा वडीलधारा. सगुणाने घासून पुसून चकचकीत केलेला तांब्या काढला, ताज्या हंड्यातले पाणी भरले, वाटीत गुळाचा खडा ठेवला आणि पदर सावरून ते आचार्यांच्या पुढे केले. "घ्या बाबा. आत्ताच आणलंय. ताजं हाय."

आचार्यांनी गूळ तोंडात टाकला आणि तांब्या उचलला.

निरंजनला काय झाले ते त्याचे त्यालाच कळले नाही. त्याने झेप घेतली आणि गुरूंच्या हातातला तांब्या फटक्यासरशी उडवला. तांब्या अंगणात घरंगळत गेला.

"पिऊ नका! विष आहे ते!"

सगुणा जागच्या जागी उभी राहिली. पाहुण्याला दिलेले पाणी कोणी असे उडवून लावल्याचे तिने जन्मात पाहिले नव्हते.

"इख?" ती म्हणाली. "म्या इख देते पाव्हण्याला?"

"ताई, तसं नाही. अगं, ते डबक्यातलं पाणी आहे. हगवण त्यातूनच होते. म्हणून तर गाळणी दिली ना तुला? आणि तू ते गाळलेलं ओतून देतेस!"

सगुणाला कळायला थोडा वेळ लागला. मग तिची मान हळूहळू घराकडे वळली. आत घोंगडीवर बायजा उठून बसली होती आणि तिच्या हातात पेला होता. सकाळी उठल्याबरोबर आईने तिला ताज्या हंड्यातले पाणी भरून दिले होते. सगुणा आत धावली आणि तिने पोरीच्या हातातून पेला हिसकावला. पोर तहानेली, ती भोकाड पसरून रडू लागली. सगुणाने पेल्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे पाहिले.

"म्हंजे माझ्या भिवाला..." ती म्हणाली. "त्याला बी म्याच दिलं व्हतं. ह्याच हातानं. शेवटपातुर म्याच पाजलं."

ती खाली बसली. रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. निरंजनला आपल्या जिभेचा असा संताप कधी आला नव्हता. एका शब्दाने त्याने या बाईला तिच्याच पोराची मारेकरी करून सोडले होते. आता काय बोलावे? जे बोलला ते खरेच होते. परत कसे घ्यायचे?

तेव्हा आचार्य उठले. अंगणातला तांब्या उचलून त्यांनी धुतला. आत जाऊन त्याच हंड्यात बुडवला आणि सगुणाच्या समोर बसून, एका दमात, सगळा रिकामा केला.

"गुरुजी!" निरंजन किंचाळलाच. "अहो, हे काय केलंत? तुम्हाला वेड लागलंय का?"

गुरूला कोणी असे बोलते का? पण तो बोलला. त्याच्या डोळ्यांपुढे साथीत गेलेली धडधाकट माणसे आली आणि आचार्यांचे वय आले.

आचार्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. ते सगुणाला म्हणाले, "पोरी, ऐक. हे पाणी वाईट आहे. निरंजन खोटं बोलत नाही. यापुढे हे कच्चं पाणी बायजाला द्यायचं नाही. पण तू वाईट दिलं नाहीस. घरात जे सगळ्यात चांगलं होतं ते तू पाहुण्याला दिलंस, आणि तेच लेकरालाही देत आलीस. आईच्या हातचं म्हणून मी प्यालो. आता मला एक सांग. ते मडक्यातलं तू ओतून का देतेस?"

सगुणाने मान वर केली. रिकाम्या तांब्याकडे पाहिले. मग ती बोलू लागली, आधी अडखळत, मग भडाभडा. "शिळं असतंय ना बाबा. रातभर भांड्यात ऱ्हायलेलं. सकाळी उठून आदी सगळी भांडी रिकामी करायची, मगच ताजं भरायचं. माझी आई तसंच करायची, सासू बी तसंच. शिळं पानी पाव्हण्याला देत न्हाईत, देवाला देत न्हाईत. मग आजारी पोरीला कसं देऊ? दादांनी सांगितलं रोज सांजेला भरा, म्या भरलं. सकाळचं त्यांनी काय सांगितलं न्हाई. ते काय सांगायचं असतंय व्हय? ते तर समद्यांना ठावं असतंय."

"आणि एखाद्या झऱ्याचं पाणी? ते रात्रीचं असतं की नाही?"

"झरा वाहता असतोय. वाहतं पानी शिळं कशानं व्हईल?" सगुणा म्हणाली. एवढ्याही दुःखात म्हाताऱ्याच्या अज्ञानाचे तिला नवल वाटले.

त्या दिवसापासून बायजाला गाळलेले किंवा उकळलेलेच पाणी मिळू लागले. घाबरलेल्या सगुणाने तेवढे काटेकोरपणे केले. पण व्हायचे ते झालेच. दुसऱ्या दिवशी आचार्यांना उलट्या सुरू झाल्या. जुलाबांनी त्यांचा जीव अगदी मेटाकुटीला आला. निरंजन एका बाजूला बायजाला आणि दुसऱ्या बाजूला गुरूंना मीठसाखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजत राहिला. सगुणाने तर शेजारणीच्या घरून मोळी मागून आणली आणि पाणी उकळायला चूल विझू दिली नाही.

बायजा आधी उठून बसली, मग आचार्य. त्यांना पेज पचली त्या संध्याकाळी निरंजनचा बांध फुटला.

"का प्यालात?" तो म्हणाला. रागावला होता आणि रडतही होता. "एवढं ज्ञान, एवढं वय! एका अडाणी रूढीसाठी जीव धोक्यात घातलात. तिला नुसतं सांगायचं होतं की शिळं-बिळं काही नसतं. मी सांगितलं असतं."

"तू सांगितलं असतंस," आचार्य क्षीण आवाजात म्हणाले, "आणि तिने ऐकलंही असतं. घाबरलेलं माणूस सगळ्याला हो म्हणतं रे. तू तांब्या उडवलास तो माझ्या प्रेमापोटी, मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी अंगणाचे दोन भाग झाले. इकडे आपण शहाणे, आणि तिकडे ती एकटी, मेलेल्या पोराला घेऊन बसलेली. तिकडे तिच्याजवळ जाऊन कोणी बसलं नसतं, तर तिने जन्मभर मान खाली घालून आपल्या सूचना ऐकल्या असत्या आणि मनातलं एक अक्षर सांगितलं नसतं. मग तुला 'शिळं' हा शब्द कधी कळला असता? दुसरं असं की, त्या रूढीला अडाणी म्हणू नकोस. उघड्या भांड्यात रात्रभर राहिलेलं पाणी टाकून द्यावं, भांडं विसळावं, मग भरावं, हे तिच्या आईने शिकवलं ते स्वच्छतेपोटीच. तिने चांगली सवय पाळली आणि तुझी गाळणी त्या सवयीच्या आड आली. तू वाळूचा विचार केलास, कोळशाचा केलास, पाण्याचा तर फारच केलास. ज्या बाईच्या हातात ते मडकं जायचं, तिची सकाळ कशी उजाडते, हे मात्र एकदाही विचारलं नाहीस. आणि मीही तुला ते विचारायला सांगितलं नाही. तेव्हा त्या तांब्यातला माझा वाटा मी प्यालो. तू तसं करायला हवंस असं मी म्हणत नाही. करूही नकोस."

एवढे बोलून ते थकले आणि त्यांनी डोळे मिटले. निरंजनने त्यांच्या अंगावर घोंगडी ओढली.

परत आल्यावर त्याने जुनी गाळणी मोडून नवी करायला घेतली. या वेळी खाली साठवणीचे मडकेच ठेवले नाही. एकच उंच रांजण, त्यात वाळू. तळाशी जोडलेली नळी बाहेरून वर आणली आणि तिचे तोंड वाळूच्या किंचित वर ठेवले, म्हणजे वाळू सदैव पाण्यात बुडालेली राहील. रात्रभर त्यातून थेंबही गळत नाही. सकाळी वरून ताजी घागर ओतली की लगेच नळीतून नितळ धार सुरू होते. त्याने ती बरेच दिवस कार्यशाळेत चालवली, पाणी पुन्हा पुन्हा तपासून घेतले आणि मगच एक रांजण बैलगाडीत घालून, गवताने नीट बांधून, वाळू हलू न देता बोरखिंडीला नेला आणि संध्याकाळी सगुणाच्या घरी डबक्याच्या पाण्याने भरून ठेवला.

सगुणाने सकाळी घागर आणून ओतली. धार लागली. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. निरंजनला वाटले, आता गप्प बसावे. काम फत्ते झाले आहे, कशाला उगाच तोंड उघडायचे? पण त्याला गप्प बसवेना.

"ताई, तुला फसवणार नाही," तो म्हणाला. "तू आत्ता ओतलंस ते पाणी हे नव्हे. हे कालचं आहे. रात्रभर वाळूत राहून ते स्वच्छ झालं. तुझ्या ताज्या पाण्याने त्याला पुढे ढकललं, आणि ताजं त्याच्या जागी जाऊन बसलं. ओतून द्यायचं असेल तर तू ओतून देऊ शकतेस. पण बायजासाठी हेच पाणी चांगलं आहे."

सगुणा धारेकडे पाहत राहिली. निरंजनला वाटले, आता ही ओतणार. ओतले की संपले. पुढच्या साथीत बायजाचे काय होईल, हे त्याला ठाऊक होते.

"वाळूत व्हतं?" तिने विचारले. "भांड्यात उघडं न्हाई ऱ्हायलं?"

"वाळूतच होतं."

"मग झऱ्यासारखंच झालं की हे," सगुणा म्हणाली. तिने पेला धारेखाली धरला, भरला आणि बायजाकडे न देता सरळ निरंजनच्या पुढे केला. "आदी तुम्ही प्या, दादा."

निरंजनने पेला घेतला, आणि काय सांगावे, त्याचा हात थबकला!

क्षणभरच थबकला. पण त्या एका क्षणाने तो मुळापासून हादरला. प्रयोगशाळेत ज्याची त्याने इतक्यांदा तपासणी करवली, ज्याच्या शुद्धतेची तो छातीठोक ग्वाही देत असे, ते पाणी त्याने आजवर एकदाही तोंडाला लावले नव्हते. कार्यशाळेत तो आपल्या माठातले पीत असे. हे पाणी वाडीतल्या लोकांसाठी होते. बायजासाठी होते. आपल्याला ते प्यायची वेळ येईल, असे त्याच्या मनात कधी आलेच नव्हते.

सगुणाने त्याचा थबकलेला हात पाहिला. पोरीला मागे ओढून ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

निरंजनने पेला ओठाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

"कसं लागतं?" तिने विचारले.

"जरा मातकट लागतं," तो म्हणाला. त्याला खोटे बोलता आले नाही. "पण गार आहे."

सगुणाने त्याच्या हातातून पेला घेतला, विसळला, पुन्हा धारेखाली धरला आणि बायजाला जवळ घेऊन तिच्या ओठांशी नेला. पोरीने दोन्ही हातांनी पेला धरून घटाघटा पाणी पिऊन टाकले.

निरंजन ओट्याच्या कडेला बसला. पहिली गाळणी त्याने घरोघर बसवली होती, पण आपण कोणाच्या घरी पाणी नेतो आहोत, हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा कळले.